पोरीला मुंबईच्या गाण्याच्या कार्यक्रमाला पाठवू का? आणि हे हल्ले करणारे लोक गाण्याच्याच जागा का धरतात?

शहापूरची_शिलाई (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी बेळगावात शहापूरला शिलाईकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे युनिफॉर्म. पोरगी पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं आणि तिच्या रूममेटनं नवी मुंबईच्या स्टेडियममधल्या एका परदेशी गायिकेच्या कार्यक्रमाची तिकिटं काढलीत. कितीला पडलं विचारलं तर म्हणते, "आई, तू लगेच ब्लाउजात हिशेब करणार, नकोच." म्हणजे चाळीसेक ब्लाउज तरी गेले असणार.

दिवाळीला घरी आली तेव्हा खडेबाजारातून मण्यांची पुडकी घेऊन आली. रंगीत मणी, आणि पांढऱ्या चौकोनी मण्यांवर इंग्रजी अक्षरं. रात्री माझ्या मशीनच्या दिव्याखाली बसून रबरी दोऱ्यात ओवायची. मनगटात घालायच्या पट्ट्या. कार्यक्रमात अनोळखी पोरींशी त्यांची अदलाबदल करायची असते म्हणे. "काय करूलीस गं एवढ्या?" तर म्हणाली, पन्नास तरी पाहिजेत. तिची गाठ सुटते म्हणून शेवटच्या गाठी मी मारून दिल्या.

आता मुद्दा. यांनी मोबाईलवर व्हिएन्नाचा तो प्रकार बघितला, २०२४ चा, हल्ल्याचा कट सापडला म्हणून तीन दिवसांचे गाण्याचे कार्यक्रम रद्द झाले तो. मग त्यातून मँचेस्टर निघालं, पॅरिस निघालं, तिथं गाण्याच्या कार्यक्रमात हल्ले झालेले. तेव्हापासून घरात एकच वाक्य: नको म्हणजे नको. बापलेकीचं चार दिवस बोलणं नाही. दोघांचे निरोप मी इकडून तिकडं पोचवते, मधल्या मध्ये मीच वाईट.

मला नीट कळत नाही ते हे. देऊळ, स्टेशन, बाजार, मंत्र्याची सभा इथं कुणीतरी डूख धरून येईल हे समजतं. गाणं ऐकायला आलेल्या पोरींनी कुणाचं काय घोडं मारलंय? आणि व्हिएन्नात आधीच पकडले म्हणतात, ते पकडतात तरी कसे? मग मँचेस्टरला का नाही पकडले?

"जाऊ दे" म्हणणारे आणि "घरी बसव" म्हणणारे दोन्ही माझ्या घरात आहेत, त्यात भर नको. ज्यांनी असल्या गर्दीत काम केलंय त्यांनी सांगा.


कॅम्पातला_जुना

ताई, मोबाईलवर सगळं दिसतंय हल्ली. घरी बसून बघावं, डोक्याला ताप नाही. आमच्या वेळी रेडिओवर ऐकायचो, काही बिघडलं नाही.


शहापूरची_शिलाई

काका, रेडिओवर मणी बदलता येत नाहीत की ओ.


ट्रसवाला_खानापूर

ताई, मी खानापूर तालुक्यातला. बारावीला आपटलो आणि गावातल्या गणपती मंडळाच्या साउंडवर वायरी गुंडाळायला लागलो. त्याला एकोणीस वर्षं झाली. आता मोठ्या शोचं स्टेज उभं करणाऱ्या टोळीत आहे. ट्रस म्हणजे लाइट टांगायचा पाइपांचा सांगाडा, ती बांधायची, वर चढून लाइटा टांगायच्या, शो संपला की पहाटेपर्यंत सगळं उतरवून ट्रकात भरायचं. पुणे, गोवा, मुंबई, हैदराबाद. लोक गाणं समोरून बघतात, मी वरून बघतो. वरून माणसं दिसत नाहीत. मोबाईलचे दिवे दिसतात आणि गर्दी हलताना दिसते, वाऱ्यानं भाताचं शिवार हलावं तशी. तेव्हा मी पोलीस नाही, पण गेटच्या आतबाहेर आयुष्य गेलंय. त्यातलं सांगतो.

गाण्याचीच जागा का? एक तर तारीख, वेळ, ठिकाण सहा-सहा महिने आधी जाहीर असतं. आपल्याकडं लग्नाची पत्रिकासुद्धा एवढी आधी छापत नाहीत. मंत्र्याचा दौरा ऐनवेळी बदलतो, गायिकेचा बदलत नाही, तिकिटं विकलेली असतात. वर तिचं नाव जगातल्या प्रत्येक पोराच्या कानात. त्या नावाला आपलं नाव चिकटलं की झालं, असं या माणसांचं गणित. आठवड्यापूर्वी ज्याला गल्लीत कुत्रं ओळखत नव्हतं त्याचा फोटो सगळ्या चॅनेलवर. म्हणून मी असल्यांची नावं लिहीत नाही आणि लक्षातही ठेवत नाही.

पण गर्दी आणि प्रसिद्धी क्रिकेटलाही असते. गाण्यावर जास्तीचा राग असतो तो वेगळा. पोरंपोरी एकत्र नाचतात, पोरी मनाला येईल ते घालून येतात, रात्री अकराला हसत घरी जातात, कुणाला विचारत नाहीत. हेच ज्याला खुपतं त्याला यापेक्षा चांगली जागा कुठं मिळणार? १३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसच्या बाटाक्लान सभागृहात ९० माणसं मारली, आणि नंतर इस्लामिक स्टेटच्या पत्रकात त्या मैफलीला विकृतीचा जलसा म्हटलं होतं. मँचेस्टरला श्रोते कोण होते? बहुतेक शाळकरी पोरी. मेलेल्यांत सगळ्यांत लहान आठ वर्षांची.

आणि हे एकाच धर्माचं खूळ आहे असं कुणी इथं लिहायच्या आधी सांगतो. मे २०२५ मध्ये ब्राझीलच्या रिओत कोपाकबानाच्या वाळूवर लेडी गागाचा फुकट कार्यक्रम झाला, वीस लाखांवर माणूस. त्यावर हल्ल्याचा बेत पोलिसांनी मोडला. तिथं इंटरनेटवर जमलेली टोळी होती, पोरांना ओढायची, समलिंगी लोकांचा द्वेष शिकवायची. आणि लांब कशाला? डिसेंबर २०१७ मध्ये पुण्यात झालेला सनबर्न महोत्सव उडवायचा बेत होता, असा आरोप महाराष्ट्र एटीएसनं २०१८ मध्ये पकडलेल्यांवर ठेवला. ते आपली संस्कृती वाचवायला निघाले होते म्हणे. आरोपच आहे, निकाल कोर्ट देईल. पण जानेवारी २०१८ मध्ये आपल्या बेळगावात एका हिंदी सिनेमावरून टॉकीजबाहेर पेट्रोल बॉम्ब पडला होता, ते विसरला असाल तर आठवा. ज्याला दुसऱ्याची मजा बघवत नाही तो कुठल्याही देवाचं नाव घेतो.

आता गेटाबद्दल, कारण घाबरायचं कुठं आणि किती हे त्यावर ठरतं. लोकांना वाटतं तपासणी कडक म्हणजे काम झालं. पण तपासणीमुळं झालं काय, की धोका गेटाच्या बाहेर सरकला. पॅरिसला त्याच रात्री फ्रान्स-जर्मनी फुटबॉल मॅच चालू होती, स्टेडियममध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष बसलेले. तिघेजण अंगाला स्फोटकं बांधून आले, आत एकही पोचला नाही, तिघं बाहेरच फुटले. त्या तिघांशिवाय तिथं एक माणूस गेला. आत ऐंशी हजारांच्या आसपास लोक होते, हिशेब करा. २०१६ च्या जुलैमध्ये जर्मनीत आन्सबाख गावी एकजण पाठीला बॅग लावून संगीत महोत्सवाच्या दारात आला, तिकीट नव्हतं म्हणून परत पाठवला. त्यानं बाहेर स्फोट केला, स्वतः मेला, पंधरा जखमी झाले. साधं तिकीट बघणाऱ्यानं आतल्या अडीच हजारांना वाचवलं. त्या दारावरच्या माणसाला त्या क्षणी काय ठाऊक असणार!

मँचेस्टरला २२ मे २०१७ ला उलट झालं. माणूस आत गेलाच नाही. शेवटचं गाणं संपून लोक बाहेर पडताना, रात्री १०.३१ ला, बाहेरच्या दालनात स्फोट. तिथं मुलांना न्यायला आलेले आईबाप उभे होते. २२ जण गेले, त्यात काही आईबापही. तो तिथं आधी येऊन जागा बघून गेला होता, आणि त्या रात्री कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या कोपऱ्यात जवळजवळ तासभर बसून होता.

मँचेस्टरच्या हल्ल्याच्या चौकशीचा अहवाल बाहेर आला तेव्हा त्यातली एक गोष्ट वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. पोरीला न्यायला आलेल्या एकाला त्या हल्लेखोराची भली मोठी बॅग खटकली. त्यानं सरळ जाऊन विचारलं, बॅगेत काय आहे? मग तिथल्या सुरक्षारक्षक पोराला सांगितलं. हे स्फोटाच्या पाव तास आधी. पोरानं ते पुढं नीट पोचवलं नाही. दुसरा पोरगा होता अठरा वर्षांचा. त्यालाही काहीतरी चुकतंय वाटलं, पण चूक निघाली तर आपल्याला वर्णद्वेषी म्हणतील याची भीती. वॉकीटॉकीवर सांगायला गेला तर लाइन लागेना. मग सोडून दिलं.

मी दोन दिवस का जेवलो नाही? कारण मी तो पोरगा बघितलाय. नाव सांगत नाही, एका शहरात मोठा शो होता. आमच्यातला एकजण आजारी पडला, सुपरवायझरनं त्याचा क्रू पास माझ्या गळ्यात घातला. फोटो त्याचा, दाढीवाला, मी सफाचट. तीन दिवस तीन गेटांतून मी त्या पासवर ट्रसचे पाइप घेऊन आत गेलो. एकानं पास हातात घेऊन बघितला नाही. चौथ्या दिवशी गेटवर एक पोरगा होता, विजापूरकडचा असावा, पायात चपला आणि अंगात दोन साइज मोठा काळा सफारी. त्यानं बघितलं. "फोटो तुमचा न्हवं" म्हणाला. मी गप्प. तेवढ्यात मागून सुपरवायझर ओरडला, "ए, सोड त्याला, लोड-इन थांबलंय!" पोरानं सोडलं. दुपारी चहाला भेटला तेव्हा विचारलं, किती मिळतात? म्हणाला, दिवसाला सातशे, त्यातले दोनशे एजंटचे. बारा तास उभा. अडवलं तर शिव्या, सोडलं तर कुणी विचारत नाही. ताई, तुमच्या पोरीच्या जिवाची शेवटची कडी ती आहे, सातशे रुपयांची.

इंग्लंडनं शेवटी कायदा केला. मँचेस्टरला मेलेल्यांत मार्टिन हेट नावाचा पोरगा होता. त्याची आई, फिगेन मरे, वर्षानुवर्षं सरकारच्या मागं लागली, मँचेस्टरहून लंडनला चालत गेली. एप्रिल २०२५ मध्ये तो मंजूर झाला, लोक त्याला मार्टिनचा कायदा म्हणतात. दोनशेच्या वर माणूस जमणाऱ्या जागेनं असा प्रसंग आला तर काय करायचं हे आधी ठरवून ठेवायचं, आठशेच्या वर असेल तर आणखी बंदोबस्त. आपल्याकडं दोनशे माणूस बारशाला जमतं, ते सोडा.

तुमच्या पोरीसाठी: शेवटच्या गाण्यात उठून पळू नये, आणि संपल्या संपल्या दारातही घुसू नये. आपल्या जागेवर वीस-पंचवीस मिनिटं बसावं. आम्ही तसंही वरून लाइटा काढत असतो, कुणी हाकलत नाही. भेटायची जागा गेटावर ठरवू नये, लांब ठरवावी. आणि बेवारस बॅग दिसली की ओशाळायचं नाही, सांगायचं. मी एकदा असंच सांगितलं, सगळं काम थांबलं, निघाली कुणाची तरी भाकरी आणि शेंगाचटणी. वर्षभर मला टोळीत "चटणी" म्हणत होते. म्हणू देत.


निपाणीकर_व्हिएन्ना

मी मूळचा निपाणीचा, सहा वर्षं व्हिएन्नात आहे. २०२४ च्या ऑगस्टचं सांगतो, कारण तेव्हा बायकोकडं ९ तारखेचं तिकीट होतं.

टेलर स्विफ्टचे ८, ९, १० ऑगस्टला एर्न्स्ट हाप्पेल स्टेडियमवर तीन कार्यक्रम होते. रोज पासष्ट हजारांच्या आसपास लोक आत, आणि तिकीट नसलेले हजारो बाहेर उभं राहून ऐकणार, असा अंदाज. ७ तारखेला सकाळी इथून दक्षिणेला टेर्निट्स नावाच्या छोट्या गावात एकोणीस वर्षांच्या पोराला उचललं. घरात रसायनं सापडली. त्यानं जुलैमध्ये इंटरनेटवरून इस्लामिक स्टेटला निष्ठा वाहिली होती, नोकरी सोडली होती, दाढी वाढवली होती, आपल्याला मोठं काहीतरी करायचंय असं बोलून दाखवलं होतं. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणं त्याचा डोळा स्टेडियमबाहेर जमणाऱ्यांवर होता. म्हणजे ट्रसवाले दादा म्हणतात तेच, बाहेर. दुसरा पकडला तो सतरा वर्षांचा, स्टेडियममध्ये काम करणाऱ्या एका कंपनीत नुकताच लागलेला. तुमची पासाची गोष्ट वाचून मला तोच आठवला.

दुपारी पोलीस म्हणाले, बंदोबस्त वाढवू, कार्यक्रम होईल. रात्री आयोजकांनी तिन्ही रद्द केले. बायको रडली, मीही जरा चिडलो. नंतर महिन्याअखेरीस अमेरिकेच्या सीआयएच्या उपसंचालकांनी जाहीर सांगितलं की माहिती त्यांनी पुरवली होती. इथल्या कायद्यानं पोलिसांना मेसेजिंग ॲपवरचं बोलणं वाचायची परवानगीच नव्हती, त्यामुळं असल्या बाबतीत बाहेरच्यांवर भिस्त. त्यावर वर्षभर वाद झाला. एक बाजू म्हणे पोरं गेल्यावर कायदा करणार का, दुसरी म्हणे उद्या सगळ्यांचेच मेसेज वाचाल. जुलै २०२५ मध्ये संसदेनं मर्यादित परवानगी देणारा कायदा केला. मला दोन्ही बाजू पटतात, त्यामुळं जेवणाच्या टेबलावर मी यात बोलत नाही.

वयाकडं बघा मात्र. एकोणीस, सतरा. यात मदत केली म्हणून बर्लिनच्या कोर्टानं ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एका मुलाला दीड वर्षाची शिक्षा स्थगित ठेवून सुनावली, तोही शाळकरी वयाचा. कुणी बंदूकधारी म्होरक्या नाही, खोलीचं दार लावून मोबाईलवर बसलेली पोरं. हल्लीचे बरेच कट असेच दिसतात. त्यामुळं ते सापडतात तेही मोबाईलवरच, किंवा घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या, मालकाच्या नजरेत.

व्हिएन्नाच्या पुढच्याच आठवड्यात लंडनला वेम्बली स्टेडियमवर टेलर स्विफ्टचेच कार्यक्रम झाले, तेव्हा तिकीट नसलेल्यांना स्टेडियमबाहेर थांबायला मनाई होती.

आणि ताई, मणी. कार्यक्रम रद्द झाल्यावर इथं कॉर्नेलिउसगासे नावाची एक साधी गल्ली आहे, तिच्या एका गाण्यातल्या रस्त्याशी नाव जुळतं, तिथं पोरी जमल्या. शेकड्यांनी. भर रस्त्यात गायल्या, पट्ट्या बदलल्या, तिथल्या झाडाला पट्ट्या बांधल्या. वडाला सूत गुंडाळावं तसं झाड दिसत होतं. बायकोनं तिची एक बांधली, कोरियाहून आलेल्या एका पोरीची घेऊन आली. अजून फ्रीजच्या दाराला लटकते.


निवृत्त_एचसी_चिकोडी

मी कर्नाटक पोलिसांतून निवृत्त. वरच्या दोघांनी बरंच बरोबर लिहिलंय, थोडं माझं.

व्हीआयपी असो की गाण्याचा कार्यक्रम, पद्धत तीच. आदल्या दिवशी बॉम्बशोधक पथक आणि कुत्रं सगळी जागा फिरतं, खुर्च्यांखाली, स्टेजखाली, संडासात, जनरेटरमागं. झालं की जागा सील. त्यानंतर पाण्याची बाटली जरी आत जायची तरी तपासून. बेळगावात दर डिसेंबरला सुवर्ण विधानसौधला अधिवेशन असतं, तिथं थंडीत उभं राहून हेच केलंय. पण हे शेवटचं. त्याच्या आधीचं काम गल्लीत होतं. खोली भाड्यानं देणारा मालक, लॉजवाला, सिमकार्डवाला, खताचं दुकान. माझ्या बीटमध्ये एका मालकानं येऊन सांगितलं, भाडेकरूनं सहा महिन्यांचं भाडं एकदम दिलंय आणि रात्री दिवा लावत नाही. आम्ही चार रात्री पाळत ठेवली. बायकोच्या भावांना चुकवून लपलेला निघाला! हसू नका, टिपा बहुतेक अशाच निघतात. पण त्या मालकाला मी चहा पाजून पाठवला. हाड म्हटलं असतं तर पुढच्या वेळी आला नसता.

रिओचं वर आलंय त्यात एक बघा. तिथल्या म्होरक्याला पकडला तो बेकायदा हत्यार बाळगल्याबद्दल. असंच करतात. कट कोर्टात सिद्ध करायला वर्षं जातात. आज रात्री कार्यक्रम असेल तर हातात जो लहान गुन्हा आहे त्यात उचलायचा आणि आत घालायचा.

पण टीप मिळाली म्हणजे झालं असं नाही. मॉस्कोत ७ मार्च २०२४ ला अमेरिकन वकिलातीनं उघड सांगितलं, मैफलींसारख्या गर्दीपासून लांब राहा. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी असल्या इशाऱ्यांना ब्लॅकमेल म्हटलं. २२ तारखेला क्रोकस सिटी हॉलमध्ये १४० च्या वर माणसं गेली. मँचेस्टरचंही तसंच. एमआय५ या इंग्लंडच्या गुप्तचर खात्याकडं त्या माणसाबद्दल माहिती आली होती, तिचं वजन कुणाला कळलं नाही. २०२३ च्या अहवालात त्याला हुकलेली मोठी संधी म्हटलंय, आणि त्यांच्या प्रमुखांनी माफी मागितली. आमच्या खात्यात माफी मागायची रीत नाही, एवढंच लिहितो.

आणि ताई, बॉम्बपेक्षा चेंगराचेंगरीला भ्या. बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमजवळ १७ एप्रिल २०१० ला मॅचच्या आधी स्फोट झाले, माणसं जखमी झाली, मॅच तासभर उशिरा का होईना झाली. त्याच स्टेडियमच्या गेटांवर ४ जून २०२५ ला नुसत्या आनंदाच्या गर्दीत ११ जण मेले. तिथं कुणी दहशतवादी नव्हता. पोरीला म्हणावं बूट घालून जा, चपला नको. ढकलाढकली सुरू झाली तर दोन्ही हात छातीशी धर, आणि गर्दीच्या उलट जाऊ नको, कडेकडेनं तिरपी निघ.


शहापूरची_शिलाई

सगळ्यांचे आभार. काल रात्री मशीन बंद करून हे सगळं यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मध्ये काही बोलले नाहीत. चटणीवर हसले. सातशे रुपयांवर म्हणाले, "परत वाच." मँचेस्टरच्या आईबापांवर उठून पाणी प्यायला गेले.

आज सकाळी स्वतः पोरीला फोन लावला, पाच दिवसांनी. म्हणाले, जा, पण मी येणार. रात्रीच्या स्लीपरनं मुंबई, आणि कार्यक्रम सुटेपर्यंत मी गेटवर थांबतो. पोरगी म्हणाली, "अण्णा, तुम्ही गेटवर?" आता ती माझ्यावर चिडलीय.


ट्रसवाला_खानापूर

अहो, त्यांना तेवढं गेटवर थांबू नका म्हणावं! एवढं लिहिलं ते कशासाठी? नेरुळ स्टेशनच्या बाजूला कुठल्यातरी हॉटेलात चहा घेत बसू देत, पोरीला चालत तिकडं येऊ दे. शो सुटल्यावर फोन लागत नाही, सगळे एकदम लावतात. तेव्हा हॉटेलचं नाव आधीच कागदावर.


शहापूरची_शिलाई

सांगते. एक राहिलं. पॉवर बँक आत नेऊ देतात का? आणि मण्यांच्या पन्नास पट्ट्या गेटवर काढून घेतील का? गाठी मी मारल्यात, म्हणून विचारते.


ट्रसवाला_खानापूर

पॉवर बँकेचं दरवेळी बदलतं, तिकिटाबरोबर यादी येते त्यात बघा. पट्ट्यांना कुणी हात लावत नाही. मात्र पर्स तपासायला जी पोरगी उभी असेल ना, तिला पहिली द्यायला सांगा. तिला कुणी देत नाही.